चौथी ओळ, नववी जागा

सर्व मराठी भाषकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली या सोन्याच्या गावी यायचा कोणाचा विचार असेल, तर त्यांनी पासपोर्ट, व्हिसा आणि डिग्रीच्या अटेस्टेड प्रतींबरोबर आणखी एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं. हा प्रश्न विमानतळावर विचारत नाहीत. तो पहिल्या आठवड्यात, बहुधा सुपरमार्केटमध्ये कांद्यांपाशी विचारला जातो. एक उंच, किंचित वाकलेला, रुंद काठाची टोपी घातलेला म्हातारा तुमची ट्रॉली अडवतो, तुम्ही कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून हुंगताय हे बघून तुमची भाषा ओळखतो आणि विचारतो, "तुम्ही कितवे?"

मी एकविसावी. माझा नवरा सतीश विसावा. आम्ही एकाच विमानातून, शेजारशेजारच्या सीटांवरून उतरलो असताना हा फरक कसा पडला, असं मी कांद्यांपाशीच विचारलं होतं.

"दारातून आधी कोण बाहेर आलं?" म्हातारा म्हणाला.

सतीश आला होता. माझी बॅग वरच्या कप्प्यात अडकली होती.

"मग नोंद तशीच करावी लागेल, बाय," असं म्हणून त्यांनी खिशातून वही काढली. तेव्हापासून गेली नऊ वर्षं मी या गावात एका अडकलेल्या बॅगेपायी नवऱ्याच्या मागे आहे.

हे आमचे शेजारी, श्री. इनास लोपीस. मूळचे वसईचे. वय बहात्तर. खाणीत पंपांची देखभाल करायला म्हणून आले, पंचवीस वर्षं पंप दुरुस्त केले, निवृत्त झाले आणि मग पंपांना जे प्रेम द्यायचे ते मेलेल्या माणसांना द्यायला लागले. मी त्यांना इनासकाका म्हणते. ते मला बाय म्हणतात. माझं नाव शुभांगी आहे हे त्यांना माहीत आहे, कारण ते वहीत आहे.

काका स्वतः गावातले दुसरे मराठी. पहिला एक डॉक्टर होता. तो उन्हाळ्यात आला, तीन महिन्यांत पर्थला पळाला, आणि पुन्हा कधी दिसला नाही. मी एकदा काकांना लाडीगोडीने म्हटलं, "अहो, तो पळाला. खरे पहिले तुम्हीच." काका इतके दुखावले, की मी त्यांना चहात मीठ घालून दिलंय की काय असं वाटावं. "पळाला म्हणून नंबर जात नाही," ते म्हणाले. "येणं हे येणं असतं."

त्या वहीत आम्हा सगळ्यांचे पराक्रम आहेत. गावात कांगारूला गाडी ठोकणारा पहिला मराठी माणूस माझा नवरा. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत लागोपाठ चारदा नापास होणारी पहिली व्यक्ती मी नाही, ती दुसरी एक बाई आहे आणि ती मला ओळखते, त्यामुळे पुढे जाऊया. उकडीचे मोदक या मातीत पहिल्यांदा मी केले. ही नोंद व्हावी म्हणून मी एकवीस मोदकांचं ताट घेऊन काकांकडे गेले. त्यांनी मोदक खाल्ले, डोळे मिटून दाद दिली, आणि वहीत लिहिलं: "उकडीचे मोदक. एकवीस. पैकी सात फुटलेले."

"काका, सात फुटलेले कशाला लिहिता?"

"बाय, इथल्या जुन्या माणसांची पुस्तकं वाच. सगळीकडे लिहिलंय, त्यांनी गाव वसवलं. जसं काय दुपारी आले आणि संध्याकाळी वसवलं. फुटलेलं कोणी लिहीतच नाही. मग मागून येणाऱ्याला वाटतं, आपलेच फुटतात."

मी ताट उचलून घरी आले. अपमान झाला की सन्मान, हे मला अजून कळलेलं नाही.

आता हे जुन्या माणसांचं प्रकरण. काका वसईच्या वाडीत वाढले. केळीची बाग, आणि घरामागे बावखल, म्हणजे डबक्याहून मोठं नि तळ्याहून लहान असं पाणी, ज्यात सगळी मुलं पोहायला शिकतात. असा माणूस कालगुर्लीत आला. इथे चहूकडे लाल माती आणि मैलोन्‌मैल झुडपं. नळाला पाणी येतं ते शेकडो किलोमीटरवरून, पाइपातून. पाइप नव्हता तेव्हा लोक कसे राहिले, या एका प्रश्नाने काकांना जे धरलं ते सोडलंच नाही.

"आमच्या वसईत जमिनीत हात घातला की पाणी," ते म्हणतात. "इथे हात घातला की सोनं. आणि सोनं पिता येत नाही."

मग सुरू होतं "डोळ्यांपुढे आणा". हा काकांचा परवलीचा शब्द. तुम्ही त्यांच्याकडे दहा मिनिटांसाठी कढीपत्ता मागायला गेलेल्या असता, गॅसवर कढी असते, आणि काका म्हणतात, "डोळ्यांपुढे आणा. चव्वेचाळीस डिग्री. गोणपाटाचं घर. गोणपाटाचं म्हणजे भिंतीसुद्धा गोणपाटाच्या. खारट तळ्याचं पाणी लोखंडी टाकीत उकळायचं, त्याची वाफ पकडायची, त्या वाफेचं पाणी विकत घ्यायचं. घोड्याला आधी. कारण घोडा मेला तर तुम्ही मेलात."

मी डोळ्यांपुढे आणते. कढी फुटते.

सुरुवातीला मी या सगळ्याची घरी येऊन सुरेख नक्कल करायचे. काकांचा आवाज, हात, टोपी, सगळं. सतीश हसून हसून सोफ्यावर आडवा व्हायचा. मग एक दिवस हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, जिथे मी काम करते, हात धुताना माझ्या मनात आलं की एवढ्या पाण्यात तेव्हा तीन माणसं दिवस काढत असतील. मी नळ बंद केला. तेव्हापासून मला नळ पूर्ण सोडता येत नाही, आणि नक्कलही पूर्वीसारखी जमत नाही.

काकांना दीडेकशे जुनी माणसं तोंडपाठ आहेत. पहिली भट्टी लावणारा, जो पिठात वाळू निघाली म्हणून मार खाता खाता वाचला. उंटांच्या काफिल्यावर शिवणयंत्र आणणारी बाई, जिने यंत्र पोहोचल्यावर पाहिलं की सुया मागे राहिल्यात. गावातल्या जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात एका किटलीखाली चुकीच्या माणसाचं नाव होतं, तर काकांनी सात महिने पत्रं लिहून, जुनी वर्तमानपत्रं दाखवून ते बदलायला लावलं. तिथले स्वयंसेवक त्यांना दुरून बघितलं की दिवे मालवून घरी जायला निघतात, आणि कोणी अवघड प्रश्न विचारला की त्यांनाच फोन करतात. जुन्या कबरस्तानात शाळेच्या सहली येतात तेव्हा माहिती सांगायला काकाच असतात. टोपी, काठी, वही. चाळीस पोरं चिडीचूप. मी स्वतः पाहिलंय.

पण या दीडशे जणांत त्यांची खरी लाडकी एकच. हॅना प्रॉक्टर.

हॅना तंबूत कपडे धुवायची. सोन्याच्या मागे आलेल्या पुरुषांचे शर्ट. मग गावात टायफॉइडची साथ आली, हॉस्पिटल म्हणून आणखी चार तंबू लागले, आणि हॅनाने आपली पिंपं उचलून तिकडे नेली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, नर्सिंग ती शिकली नव्हती. तिची एक पद्धत होती. चांगल्या पाण्याने आधी रोग्यांची तोंडं पुसायची. ते पाणी उकळून त्यात चादरी. चादरींचं पाणी निवळू द्यायचं, पुन्हा उकळायचं, त्यात जमिनीची फडकी. एक बादली तीनदा. लॅबमध्ये जंतू बघण्यात माझी हयात गेली. एवढी अक्कल तिला कुठून आली हे मला सांगता येणार नाही, पण त्या तंबूंत माणसं वाचली. शेवटी तिलाच टायफॉइड झाला. चार वर्षांची मुलगी कोणा ओळखीच्या बाईबरोबर अ‍ॅडलेडला गेली, हॅना जमिनीत गेली, आणि कबरीवर दगड बसवायला कोणी उरलं नाही. कबरस्तानाच्या नोंदवहीत फक्त लिहिलंय: ओळ चौथी, जागा नववी.

त्या भागातल्या कबरींना नुसत्या नंबरांच्या लोखंडी खुंट्या होत्या. बहुतेक गंजून पडल्या. काकांनी ओळी मोजल्या, जागा मोजल्या आणि हॅनाला शोधून काढलं. याला अकरा वर्षं झाली.

दर रविवारी चर्चमधली मिसा झाली की काका आपली यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, घेऊन कबरस्तानात जातात. घडीची खुर्ची, पाण्याची बाटली, आणि कॉफीच्या मोठ्या डब्यांत घरी वाढवलेला झेंडू. तीन डबे हॅनाला कायमचे. डबे सुकले की बदलायचे. खुर्ची टाकून तासभर बसतात आणि बोलतात. मराठीत. मी एकदा लांबून पाहिलं होतं. हातवारे करून, थांबून, पुन्हा. मी जवळ गेले तसे गप्प झाले.

आणि दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळ्या बिनदगडी कबरींवर मेणबत्त्या. वसईत त्या दिवशी कबरस्तानात जत्रेसारखी गर्दी असते, काका सांगतात. फुलं, मेणबत्त्या, गळ्यात पडून रडणं, मग घरी जाऊन जेवण. "पण आमच्याकडे जागा कमी, बाय. काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं काढून ठेवतात, नवीन माणूस येतो. इथे बघ. एकदा झोपला की शंभर वर्षं कोणी उठवत नाही. केवढी श्रीमंती." पहिल्या वर्षी त्यांनी खऱ्या मेणबत्त्या लावल्या. फायर बॅन होता, म्हणजे उघड्यावर काडीही पेटवायची नाही. रेंजर आला. काकांनी त्याला हॅनाची हकीकत सांगितली. रेंजरने टोपी काढून शेवटपर्यंत ऐकली, आणि मग सगळ्या मेणबत्त्या विझवायला लावल्या. तेव्हापासून दोन डॉलरच्या दुकानातल्या, बॅटरीच्या.

काकांची बायको फिलोमिना वसईला गेली होती, आईच्या आजारपणासाठी, आणि तिथेच अचानक वारली. आम्ही इथे यायच्या आधीची गोष्ट. मला हे त्यांच्या सिडनीच्या मुलाकडून कळलं. काकांनी कधी विषय काढला नाही. दीडशे परक्यांची मरणं तारीखवार सांगणारा माणूस याबद्दल मात्र बोलत नाही, म्हणून मीही विचारलं नाही.

तर, गेल्या वर्षी हॅनाची माणसं सापडली.

काका सहा वर्षं पत्रं आणि इमेल पाठवत होते. शेवटी पर्थहून केरी नावाच्या बाईचं उत्तर आलं. तिची आई डॉट, वय अठ्ठ्याऐंशी, ही हॅनाच्या त्या चार वर्षांच्या मुलीची नात. डॉटला एवढंच ठाऊक होतं की पणजी सोन्याच्या गावात कुठेतरी वारली. काकांनी फोटो पाठवला: लाल माती, तीन डबे झेंडू. यंदा केरीने कळवलं, आईने फोटो फ्रेम करून पलंगाशेजारी ठेवलाय, रोज त्याला गुड मॉर्निंग म्हणते. आम्ही येतोय. दोन नोव्हेंबरला, तुमच्या त्या दिवशी.

काका आठवडाभर जमिनीवर नव्हते. त्यांनी नवीन शर्ट घेतला. मला करंज्यांची ऑर्डर दिली आणि वर बजावलं, "फुटलेल्या चालतील."

गुरुवारी दुपारी त्यांची यूट गॅरेजमध्ये होती, म्हणून मी त्यांना कबरस्तानाच्या ऑफिसात घेऊन गेले. डॉटसाठी व्हीलचेअर कुठून न्यायची ते विचारायचं होतं. ऑफिसातली ब्रेंडा फार भली बाई. म्हणाली, "इनास, तुझ्यासाठी एक गंमत आहे. जुना नकाशा स्कॅन होऊन आलाय. पाहुण्यांना एक प्रत दे." आणि तिने कागद पुढे केला.

काकांनी चष्मा लावला. कागदावर आठ ओळी होत्या, प्रत्येकीत सतरा चौकोन. एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला मोठा क्रूस. फाटकाजवळच्या ओळीवर लिहिलं होतं: एक.

काका बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं आनंदाने.

"हे उलटं आहे," ते म्हणाले.

"नाही," ब्रेंडा म्हणाली. "फाटकापासूनच मोजतात. गाडा आत यायचा ना, म्हणून फाटकापासून खणत गेले."

काकांनी चष्मा काढला. कागदाची घडी घातली, थँक यू म्हणाले, बाहेर आले आणि गाडीत बसले. मी एसी लावला. मग त्यांनी सांगितलं.

वसईत त्यांच्या चर्चच्या कबरस्तानात ओळी क्रूसापासून मोजतात. पहिली ओळ म्हणजे क्रूसाच्या पायाशी. त्यांचे आजोबा दुसऱ्या ओळीत होते, आई सहाव्या. दुसरीकडून कोणी मोजत असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी क्रूसापासून चौथी ओळ धरली. फाटकापासून ती पाचवी. सतरांत नववी जागा कुठूनही मोजली तरी मधलीच. म्हणजे अकरा वर्षं झेंडू लागला तो हॅनाच्या पाठीमागच्या कबरीला.

"आणि माझी खुर्ची," काका म्हणाले, "ती मी पुढच्या ओळीत टाकायचो, तिथला माणूस मला आवडत नाही म्हणून. पण तिथे होती हॅना. अकरा वर्षं मी तिच्या अंगावर बसलोय, बाय."

मला हसू येत होतं आणि हसण्याची हिंमत होत नव्हती. "मग फुलं कुणाला गेली?"

पाचव्या ओळीतली नववी जागा कोणाची हे बघायला त्यांना वही लागली नाही. "टॉमस बॅगली," ते म्हणाले, आणि मी त्यांना इतका घाणेरडा चेहरा करताना कधी पाहिलं नव्हतं.

टॉमस बॅगली मला ठाऊक होता. सहलींतल्या पोरांनाही ठाऊक होता. काकांच्या दीडशे जणांतला तो एकमेव खलनायक. गाडीवर पिंपं लादून पाणी विकायचा. साथीच्या दिवसांत हॉस्पिटलच्या तंबूंमागून पिंपं चोरताना सापडला. ती पिंपं हॅनाची. शिक्षा भोगून सुटला, दारू प्यायला, आणि आपल्याच गाडीवरून पडून मेला. काका त्याची गोष्ट सांगताना नाव घेत नसत. म्हणत, "तो पाणीचोर."

"त्याला मी पाणी घातलं," काका म्हणाले. "दर रविवारी. बाटलीने."

आता मी जे बोलले ते मी कबूल करते. मी म्हटलं, "काका, शनिवारी काही बोलू नका. ती म्हातारी पर्थहून येतेय. फोटोला गुड मॉर्निंग म्हणते हो ती. तुम्ही सांगणार, की आजी, तुम्ही वर्षभर चोराला नमस्कार केलात? डबे गुपचूप एक ओळ पुढे सरकवा. दोन पावलांचा प्रश्न आहे. कोणाला कळणार आहे?"

काकांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "किटलीसाठी मी त्या लोकांना सात महिने छळलं," ते म्हणाले.

"ती किटली होती."

"म्हणून तर."

"सगळ्या गावात बोभाटा होईल. तुम्हाला सहलींना कोण बोलवेल?"

"नाही बोलवणार. पण डबे सरकवले, तर फोटोतली जागा वेगळी आणि समोरची वेगळी. डॉटला कळणार नाही, मान्य. पण मग तिच्या पलंगाशेजारी मी ठेवलेला चोर तसाच राहील ना, बाय? मी मेल्यावरसुद्धा."

मी गाडी फाटकाबाहेर काढली. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "पण अकरा वर्षं त्या पाणीचोराशी बोललात तरी काय इतकं?"

काकांनी खिशातून नकाशा काढून उघडला. घर येईपर्यंत त्यांनी त्यातून डोकं वर काढलं नाही. शुक्रवारी ते बाहेर दिसले नाहीत. संध्याकाळी कुंपणावरून डोकावले तेव्हा नवीन शर्ट दोरीवर वाळत होता आणि काका पायरीवर बसून कागदावरचा मजकूर पुटपुटत होते. कबुलीजबाब पाठ करत होते.

शनिवारी सकाळी नऊलाच ऊन टोचत होतं. केरी साठीची, धिप्पाड, हसरी; खाणीतल्या माणसासारखे दंड. व्हीलचेअरवर डॉट, चिमुकली, ओठांना लाली, मांडीवर ती फ्रेम. मी करंज्यांचा डबा घेऊन मागे उभी. बोलणं सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी आपलं मराठीत सांगते.

डॉटने फ्रेम वर धरली, समोरचे डबे बघितले, आणि तिचा चेहरा उजळला. "तीच ती," ती म्हणाली.

"नाही," काका म्हणाले.

पाठ केलेलं सगळं विसरले. टोपी काढून हातात धरली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. क्रूस, फाटक, चौथी, पाचवी. खुर्चीसुद्धा. पाणीचोरसुद्धा. "तुमच्या पणजीला अकरा वर्षांत एक फूल मिळालेलं नाही," ते म्हणाले. "माझ्यामुळे. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. मी माफी मागतो." मला माझा गुरुवारचा सल्ला आठवून कान गरम झाले.

केरी आईकडे बघायला लागली. डॉट फोटोकडे बघत होती. एक माशी करंज्यांवर बसली ती मी हाकललीही नाही.

"म्हणजे हा तिचं पाणी चोरायचा," डॉट म्हणाली.

"हो."

"आणि मी त्याला वर्षभर गुड मॉर्निंग म्हणतेय."

"हो."

डॉटचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, लेकीचा हात धरून. "माझी आजी," शेवटी ती म्हणाली, "आयुष्यभर सांगायची की तिची आई भयंकर कडक होती. ही तिथे पडल्या पडल्या अकरा वर्षं काय बोलली असेल रे तुला." मग डोळे पुसले. "जाऊ दे. कुठे आहे ती?"

काकांनी काठीने दाखवलं. दोन पावलं पुढे. नुसती लाल माती, खुर्चीच्या चार पायांनी पडलेले चार खळगे. केरीने व्हीलचेअर तिथे नेली. डॉट वाकली, हात पुरेना, म्हणून केरीने तिला चिमूटभर माती उचलून दिली. डॉटने ती मुठीत धरली. अशा वेळी मी नेहमी काहीतरी बोलून जाते. या वेळी नाही बोलले. जिने एका बादलीत तीनदा जग धुतलं ती बाई माझ्या बुटांपासून हातभर अंतरावर होती, आणि तिच्या मुलीच्या मुलाची मुलगी तिथे बसली होती, आणि या दोघींना एकत्र आणणारा माणूस मान खाली घालून उभा होता.

"फुलं इकडे आणूया ना?" केरी म्हणाली.

काका एकदम जागे झाले. "हो, हो. अर्थात." लगबगीने गेले, एक डबा उचलला, हॅनाच्या डोक्याशी ठेवला, हाताने दाबून बसवला. परत गेले, दुसरा आणला, तो पायथ्याशी. तिसऱ्यासाठी गेले. वाकले. डबा दोन्ही हातांत धरला. आणि तसेच वाकलेले राहिले.

मला वाटलं कंबर धरली. मी करंज्या खाली ठेवल्या.

"तोही आणायचाय ना?" केरी त्यांच्याजवळ जाऊन हात पुढे करत म्हणाली. "दे, मेट. मी नेते. नो वरीज."

काकांनी डबा सोडला नाही. केरीकडे पाहिलं नाही, डॉटकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. आणि दर गोष्टीला कागदाचा पुरावा मागणारा हा माणूस, तीन बायकांसमोर, मराठीत, बोलून गेला,

"एक राहू दे, बाय. फिलोमिनाचं सगळं मी यालाच सांगितलंय."